कॉलेज फुटबॉल २५ आणि २६: गेम झकास, पोरांच्या मोबदल्याचा हिशेब अर्धवट

ईए स्पोर्ट्सचा ‘कॉलेज फुटबॉल २५’ १९ जुलै २०२४ रोजी बाजारात आला, पुढचा ‘२६’ १० जुलै २०२५ रोजी. दोन्ही फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एसवर चालतात. पीसीवर नाहीत, जुन्या पीएस ४ वरही नाहीत. बाजारात येताना साध्या आवृत्तीची किंमत सत्तर डॉलर होती, डीलक्सची शंभर. अमेरिकन फुटबॉलची थोडीफार गोडी असेल तर पैसे वसूल होतात, हे आधीच सांगून टाकतो. पण या गेमचं परीक्षण नुसतं ग्राफिक्स आणि कंट्रोलवर थांबू शकत नाही. कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यावेत की नाही, या अमेरिकेतल्या जुन्या वादाचं एक उत्तर या डिस्कवरच छापलेलं आहे. आत दिसणाऱ्या पोरांना त्यांच्या नावाचा आणि चेहऱ्याचा मोबदला मिळालाय. तो कसा, किती आणि कुणी ठरवला, हे कळल्यावर गेमकडे बघायची नजर बदलते.

याआधीचा गेम होता ‘एनसीएए फुटबॉल १४’, जुलै २०१३ चा. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था. त्यात खेळाडूंना नावं नव्हती. ‘क्वार्टरबॅक (म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू), नंबर ५’ एवढंच. मात्र उंची, वजन, गाव, त्वचेचा रंग, डावखुरेपणा, पट्ट्या बांधायची सवय, सगळं खऱ्या खेळाडूचं. नाव तेवढं गाळायचं, म्हणजे मोबदल्याचा प्रश्नच येत नाही, अशी ही युक्ती. खेळणारे मग चाहत्यांनी बनवलेल्या नावांच्या फाइली उतरवून घ्यायचे. आपल्याकडे ‘क्रिकेट ०७’ मध्ये भारतीय संघाची मोडतोड केलेली नावं दुरुस्त करायला नेटवरून पॅच शोधत बसलेल्यांना हा उद्योग वेगळा समजावून सांगायला नको.

ही युक्ती कोर्टात टिकली नाही. यूसीएलए या विद्यापीठाच्या १९९५ च्या विजेत्या बास्केटबॉल संघातला एड ओबॅनन याने एका ओळखीच्याच्या घरी गेममध्ये स्वतःला पाहिलं: नंबर ३१, डावखुरा, टक्कल, फक्त नाव नाही. जुलै २००९ मध्ये त्याने एनसीएएवर दावा लावला. त्याच्या थोडं आधी सॅम केलर या क्वार्टरबॅकने फुटबॉल गेमवरून असाच दावा लावला होता. ईए आणि परवाने देणाऱ्या सीएलसी कंपनीने मिळून चार कोटी डॉलर देऊन तडजोड केली, एनसीएएने केलरच्या दाव्यात आणखी दोन कोटी दिले, आणि मालिका बंद पडली. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ओबॅननच्या बाजूने निकाल दिला. पुढची दहा वर्षं चाहते जुनी डिस्क वापरत राहिले. सेकंडहँड बाजारात ‘१४’ ची प्रत शंभर डॉलरच्या वर जायची.

ईएने पुनरागमनाची घोषणा फेब्रुवारी २०२१ मध्ये केली, म्हणजे खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावायची मुभा मिळण्याच्या आधीच. तेव्हा नोटर डेम विद्यापीठाने सांगून टाकलं, की खेळाडूंच्या वाट्याचे नियम स्पष्ट झाल्याशिवाय आम्ही नाही. त्याच वर्षी २१ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या लाभांवरच्या मर्यादांबाबतच्या ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध ९-० असा निकाल दिला आणि १ जुलैपासून नाव, चेहरा आणि ओळख यांवर कमाई खुली झाली. तिकडे याला एनआयएल म्हणतात. मग नोटर डेमही आत आलं. गेमच्या नावात ‘एनसीएए’ नाही, कारण परवाना विद्यापीठांकडून सीएलसीमार्फत घेतलाय आणि खेळाडूंचा वेगळा.

आता पैशाचं यंत्र कसं चालतं ते पाहू. खेळाडूला आपणहून ‘मी आहे’ म्हणावं लागतं. न म्हणणाऱ्याच्या जागी गेममध्ये बनावट नावाचा खेळाडू येतो. होकार एकदाच द्यायचा, मोबदला मात्र ज्या ज्या वर्षीच्या आवृत्तीत तो असेल त्या वर्षी. ‘२५’ साठी प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची डीलक्स प्रत. पहिल्या पसंतीच्या क्वार्टरबॅकला ६००, बाकावर बसणाऱ्या तिसऱ्या लाइनमनलाही (पुढच्या फळीतल्या खेळाडूला) ६००. ज्यांना मुखपृष्ठ मिळालं, म्हणजे ट्रॅव्हिस हंटर, क्विन युअर्स, डोनोव्हन एडवर्ड्स, आणि ज्यांनी प्रचार केला, त्यांचे करार निराळे. पहिला आकडा ६०० नव्हताच. २०२३ मध्ये ५०० डॉलरची बातमी फुटली तेव्हा खेळाडूंच्या एका संघटनेने बहिष्काराची हाक दिली होती. ‘२६’ साठी मूळ रक्कम १,५०० डॉलर झाली. विक्रीवर टक्का कुठल्याच वर्षी नाही. एकरकमी घ्या आणि विषय संपवा.

विद्यापीठांचा हिशेब मात्र पायऱ्यांचा. ‘२५’ साठी गेल्या दहा मोसमांत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत संघ किती वेळा झळकला त्यावरून चार पायऱ्या पाडल्या. वरच्या पायरीला जवळपास एक लाख डॉलर, तळाच्या पायरीला दहा हजारांच्या आसपास. म्हणजे संस्थेची लोकप्रियता मोजली जाते, खेळाडूची नाही. समान वाटपाचं तत्त्व फक्त पोरांनाच लागू, यात गंमत आहे.

आता थोडा ढोबळ गुणाकार. गेममध्ये १३४ संघ, प्रत्येकी ८५ जागा, म्हणजे ११,३९० जागा. बाजारात येताना ११ हजारांहून अधिक खेळाडू आत होते. ११ हजार गुणिले ६०० म्हणजे ६६ लाख डॉलर. दुसऱ्या बाजूला, महागडी आवृत्ती घेऊन तीन दिवस आधी खेळायला बसलेल्यांचा ईएने सांगितलेला आकडा २२ लाख. सगळ्यांनी शंभर डॉलरचीच आवृत्ती घेतली असं धरलं तर दुकानदाराचा वाटा वजा करण्याआधी २२ कोटी डॉलर होतात. त्यात ६६ लाख म्हणजे तीन टक्के. साध्या आवृत्तीची विक्री अजून यात धरलेलीच नाही, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला क्रीडा गेम हाच होता. गेम बनवायला खर्च येतो, हे मान्य. तरी ‘प्रत्यक्ष खेळाडू’ हेच ज्याचं मुख्य आकर्षण, त्या मालाच्या मूळ सामग्रीला तीन टक्क्यांहूनही कमी, हा भाव स्वस्तच म्हणायचा.

खेळायला गेम कसा आहे? पहिल्या दहा मिनिटांत पकड घेतो. वातावरण ही त्याची खरी कमाई. पाहुण्या संघाने खेळताना गर्दीचा आवाज चढला की कंट्रोलर थरथरतो, पडदा हलतो, आणि चाल दाखवणाऱ्या रेषा वेड्यावाकड्या होतात. कोण कुठे धावणार हेच दिसेनासं होतं. ‘२५’ मध्ये टेक्सास ए अँड एमचं काइल फील्ड सगळ्यात अवघड मैदान ठरवलं होतं. तिथे शेवटच्या दोन मिनिटांत मागे असाल तर नवख्याने चेंडू फेकण्याऐवजी धावण्याच्या चाली लावाव्यात, कारण चुकीच्या रेषेवर भरवसा ठेवून फेकलेला चेंडू हमखास समोरच्याच्या हातात जातो.

फेकण्याच्या पद्धती निवडता येतात. मुळात जी चालू असते तिच्यात बटण किती वेळ दाबता यावर जोर आणि अचूकता ठरते आणि पट्टी हद्दीपुढे गेली की नेम बिघडतो. अमेरिकन फुटबॉल नवीन असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन ‘क्लासिक’ पद्धत लावा आणि पातळी ‘फ्रेशमन’ किंवा ‘व्हार्सिटी’ ठेवा. ‘ऑल-अमेरिकन’वर गेलात की बचाव फळी एकदम शहाणी होते, आणि ‘हाइजमन’वर समोरच्या संघाच्या नशिबाची शंका यायला लागते. किक मारायची पट्टी वेगवान आहे. आधी सरावाच्या विभागात हात बसवून घ्या, नाहीतर सोपे तीन गुण हातचे जातील.

झीज मोजणारी व्यवस्था मात्र नुसती सजावट नाही. प्रत्येक खेळाडूच्या शरीराच्या भागांची झीज वेगवेगळी मोजली जाते. चेंडू घेऊन पळणाऱ्या एकाच धावपटूला सामन्यात तीस वेळा पळवलं की चौथ्या सत्रात त्याचा वेग आणि चेंडूवरची पकड उतरते, आणि हे ओझं काही अंशी पुढच्या आठवड्यात जातं. म्हणून दुसऱ्या फळीचा धावपटू तयार ठेवा, आणि सामना खिशात आला की मुख्य क्वार्टरबॅकला बाहेर बसवा. शरीर किती खपतं हे इतक्या बारकाईने मोजणाऱ्या गेममध्ये त्या शरीराच्या मालकाला मिळणारी रक्कम मात्र सपाट आहे, हे खेळताना मनातून जात नाही.

सगळ्यात जास्त तास खाणारा विभाग म्हणजे ‘डायनॅस्टी’. प्रशिक्षक होऊन तीस मोसमांपर्यंत कॉलेजचा संघ चालवायचा, ऑनलाइन तर बत्तीस जण एकाच लीगमध्ये. यातली खरी मजा शाळकरी खेळाडू गोळा करण्यात आहे. यादीत एका वेळी पस्तीस पोरं ठेवता येतात. दर आठवड्याला ठरावीक तास मिळतात, मोठ्या संस्थेला जास्त. शिष्यवृत्ती देऊ करायला ५ तास, पोराला मेसेज करायला १०, घरच्यांशी आणि मित्रांशी बोलायला २५, सगळी ताकद लावायला ५०. नवखे खेळणारे पाच-सहा नामी पोरांवर ५०-५० तास उधळतात आणि हात हलवत परततात. त्यापेक्षा पोराला काय हवंय ते आधी उलगडा. तीनही कारणं तुमच्या जमेच्या बाजूंशी जुळली तर ४० तासांचा जोरदार आग्रह ५० तासांच्या भडिमाराला मागे टाकतो. भेटीला बोलवायचं ते घरच्या मैदानावर, जिंकता येईल पण नाव मोठं असेल अशा सामन्याला. क्वार्टरबॅक आणि त्याचा चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरला एकत्र बोलावलं तर फायदा, एकाच जागेच्या दोघांना एकाच आठवड्यात बोलावलं तर तोटा. छोट्या संस्थेने पाच ताऱ्यांच्या, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाच्या पोरांच्या मागे लागूच नये. आपल्या पट्ट्यातली तीन ताऱ्यांची पोरं ‘खेळायला मिळेल’ या एका मुद्द्यावर येतात.

पोरांच्या निर्णयामागे गेमने चौदा निकष ठेवलेत: खेळायची संधी, खेळाची शैली, विजेतेपदाची शक्यता, परंपरा, कॅम्पसचं जीवन, मैदानाचं वातावरण, व्यावसायिक लीगमध्ये जायची शक्यता, प्रसिद्धी, अभ्यासाची प्रतिष्ठा, परिषदेची (संघ ज्या गटात खेळतो त्याची) प्रतिष्ठा, प्रशिक्षकाचं नाव, त्याचं टिकणं, सुविधा आणि घरापासूनचं अंतर. रोख रक्कम हा पंधरावा निकष नाही. ‘प्रसिद्धी’च्या आडून पैशाचा वास येतो तेवढाच. पोर दुसऱ्या संघात जायला निघालं तरी कारण याच चौदांपैकी एखादं.

बाहेरचं जग मात्र उलट्या टोकाला गेलंय. ६ जून २०२५ रोजी त्याच न्यायाधीश विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. २०१६ पासूनच्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई द्यायची. जे गेम बंद पडल्यामुळे निघालेच नाहीत, त्यांत नाव न लागल्याची भरपाईसुद्धा तिच्यात धरलीय. आणि १ जुलै २०२५ पासून प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा, पहिल्या वर्षी कमाल २ कोटी ५ लाख डॉलर. बाहेरच्या जाहिरातींचे ६०० डॉलर किंवा त्याहून मोठे करार डिलॉइट या लेखापरीक्षण कंपनीने उभारलेल्या ‘एनआयएल गो’ या यंत्रणेतून तपासून घ्यावे लागतात. म्हणजे आज खऱ्या प्रशिक्षकाचं पहिलं काम बजेट वाटणं: क्वार्टरबॅकला किती, लाइनला किती, राखीव किती. ‘२६’ मध्येही हे नाही. बत्तीस मित्रांच्या लीगमध्ये वेतनाची कमाल मर्यादा सांभाळत संघ बांधायची मजा ईएने हातची घालवली, हा या मालिकेतला सगळ्यात मोठा उणा भाग. कुठल्या संस्थेकडे किती पैसा आहे हे कोडमध्ये लिहिणं कुठल्याच संस्थेला आवडणार नाही, हे कारण समजतं. पण ज्याच्या पोटात खेळाडूंच्या पैशाचाच खटला आहे, त्या गेमने पैशाकडे पाठ फिरवावी, हे जरा विचित्रच.

नाही म्हणण्याचा हक्क मात्र गेमने नीट पाळलाय. टेक्सासचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग सुरुवातीला बाहेर राहिला, ऑगस्ट २०२४ मध्ये आत आला. तोपर्यंत त्याच्या जागी भलताच कुणीतरी. ‘२५’ मध्ये खऱ्या खेळाडूचं नाव वा चेहरा बदलता येत नाही, आणि बाहेर राहिलेल्याची हुबेहूब प्रतिकृती बनवू नये म्हणून कुलपं लावलीत. जुन्या नावांच्या फाइलींची सवय असलेल्यांनी यावरून बराच गळा काढला, पण कुलूप योग्यच आहे. ‘२६’ मध्ये तीनशेहून जास्त खरे प्रशिक्षक आले. नॉर्थ कॅरोलायनाचा बिल बेलिचिक त्यांत नाही. लाखो डॉलर पगार घेणारा प्रशिक्षक ‘नको’ म्हणतो आणि गेम त्याच्याविना निघतो. खेळाडूच्या नकाराचं वजन त्याहून वेगळं नाही, आणि इथेच खरी गोम आहे. एकेकट्याच्या नकाराने भाव वाढत नाही.

भाव वाढतो तो सगळ्यांनी मिळून बोलल्याने. ईएच्याच ‘मॅडन’ या गेममधल्या व्यावसायिक खेळाडूंच्या बाजूने त्यांची युनियन बोलते. कॉलेजच्या खेळाडूंच्या परवान्यांचं काम वनटीम पार्टनर्सने पाहिलं, आणि ही कंपनी २०१९ मध्ये उभी केली फुटबॉल आणि बेसबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंच्या युनियननी. यंत्रणा युनियनची, पण ज्यांच्यासाठी चालवली त्यांना युनियन नाही. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन करायचं ठरवलं होतं. वर्ष संपता संपता अर्ज मागे घेतला गेला. खेळाडू नोकर आहेत की विद्यार्थी हे ठरत नाही तोवर ६०० चे १,५०० होतात ते मागणी करून नव्हे, समोरच्याच्या मर्जीने. म्हणून पैसे द्यावेत का, याला या गेमचं उत्तर ‘हो’ आहे, आणि ते देऊन जग बुडालं नाही हेही त्याने दाखवलं. किती द्यावेत याचं उत्तर मात्र त्याने एकतर्फी लिहिलंय.

‘अल्टिमेट टीम’ या पत्त्यांच्या विभागात हे सगळ्यात जास्त खुपतं. पाकिटं खऱ्या पैशाने विकत घ्यायची, आत खऱ्या खेळाडूंचे पत्ते, आणि एखाद्याचा पत्ता कितीही मागितला गेला तरी त्याची मूळ रक्कम तीच. या विभागाकडे वळूच नका. पैसे न टाकता खेळायचं म्हटलं तर महिनाभर घासत बसावं लागतं, आणि पुढच्या जुलैला नवी आवृत्ती आली की सगळे पत्ते रद्दी. ‘२६’ मध्ये तर ‘डायनॅस्टी’तल्या प्रशिक्षकाची पातळीही पैसे देऊन वाढवायची सोय घातली, त्यावर चाहते भडकले ते बरोबरच होतं.

इथून टेनिस, स्क्वॉश किंवा पोहण्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाणाऱ्या मुलांच्या घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर जाहिरातीचं शूटिंग किंवा दुकानात स्वाक्षऱ्या देणं हे काम धरलं जाऊ शकतं, आणि व्हिसा धोक्यात येतो. नुसतं नाव वापरू दिल्याचा मोबदला त्यातून वेगळा काढता येतो असा युक्तिवाद आहे, पण सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावं. आणि हे पैसे करपात्र असतात. हातात रक्कम पूर्ण येते म्हणून खर्चून टाकली की एप्रिलमध्ये विवरणपत्र भरताना चिमटा बसतो.

घ्यायचा तर कुठला? दोन्हींत ‘२६’ जास्त भरीव: १३६ संघ, खरे प्रशिक्षक, शेकडो नव्या चाली. पण एकट्याने ‘डायनॅस्टी’ खेळायची असेल आणि खेळाडूंची नावं जुनी चालत असतील तर उतरलेल्या भावात मिळणारा ‘२५’ पुरतो. दोन-तीन मोसमांनी सगळी पोरं गेमनेच बनवलेली असतात, मग वर्षाचा फरक उरत नाही. डीलक्सचे जादा तीस डॉलर बाजारात येताना तीन दिवस आधी खेळण्यासाठी आणि पत्त्यांच्या पाकिटांसाठी होते, ते वाचवा. ईए प्लेचं सदस्यत्व असेल तर आधी त्यावर दहा तास खेळून बघा. तेवढ्यात ‘डायनॅस्टी’चा अर्धा मोसम सहज होतो, आणि गेम आपला आहे की नाही ते कळतं.